बूटलोडरमधील कालमापन आणि प्रारंभक्रमाचा प्रश्न

यू-बूट या बूटलोडरच्या मार्गदर्शक दस्तऐवजात आरंभकाळाच्या अहवालाचा एक नमुना दिलेला आढळतो, आणि ज्या प्रश्नाचा आढावा येथे घ्यावयाचा आहे तो त्या नमुन्याच्या पहिल्या दोन ओळींतच सामावलेला आहे. पहिल्या ओळीत ‘रीसेट’ या घटनेसमोर शून्य लिहिलेले आहे. दुसऱ्या ओळीत ‘बोर्ड-इनिट-एफ’ या पहिल्या मोठ्या कार्याच्या प्रारंभासमोर ३५,७५,६७८ मायक्रोसेकंदांची नोंद आहे. त्यापुढचे टप्पे मात्र १७, ८२, ८३,८२१ असे क्रमाने मोजलेले असून शेवटी ३,०३,६१,३२७ मायक्रोसेकंदांच्या खुणेवर कर्नलचा प्रारंभ होतो. म्हणजे बूटलोडरच्या दप्तरात ज्याची नोंद आहे असा पहिला हुकूम सुटण्यापूर्वीच साडेतीन सेकंदांहून अधिक काळ खर्ची पडलेला होता. हा काळ अहवालात दिसतो, कारण रीसेटपासून चालत आलेला काउंटर मध्यंतरी कोणी पुन्हा शून्यावर आणला नव्हता. तोच काउंटर बूटलोडरने आपल्या सोयीच्या क्षणी शून्य करून नव्याने चालू केला असता, तर अहवाल तितकाच नीटनेटका दिसला असता, त्यातील प्रत्येक वजाबाकी बरोबर आली असती, आणि साडेतीन सेकंद मात्र कोणाच्याही नकळत हिशेबातून नाहीसे झाले असते. घटिकापात्र पाण्यात उशिरा सोडले, तर पात्र किती वेळा बुडाले याची गणती अचूक राहूनही मुहूर्त चुकतोच. आरंभकाळाच्या मापनातील बहुतेक दोष या जातीचे आहेत, आणि त्यांचे मूळ मोजण्याच्या साधनात नसून ते साधन कोणत्या क्रमाने अस्तित्वात आले यात आहे.

या मापनाची एवढी निकड का भासावी, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. अमेरिकेच्या वाहन-सुरक्षा मानक क्रमांक १११ अन्वये, १ मे २०१८ पासून तयार होणाऱ्या सर्व हलक्या वाहनांत, गाडी मागे घेण्यास प्रारंभ झाल्यापासून दोन सेकंदांच्या आत मागील बाजूचे चित्र चालकासमोर उमटले पाहिजे, असे बंधन आहे. गाडी नुकतीच चालू केलेली असेल तर या दोन सेकंदांत रॉममधील कोड, बूटलोडर, कर्नल, कॅमेऱ्याचा ड्रायव्हर आणि पडदा या सर्वांनाच आपापला वाटा मागावा लागतो. वैद्यकीय उपकरणे, औद्योगिक नियंत्रक, दूरसंचाराची यंत्रे यांच्या बाबतीतही वीज गेल्यावर पुन्हा रुजू होण्याची मुदत कराराने बांधलेली असते. २००८ साली लिनक्स प्लंबर्स कॉन्फरन्समध्ये आर्यान व्हॅन डी व्हेन आणि आउके कोक यांनी आसुस कंपनीच्या ‘ई-पीसी’ या लहान संगणकावर पाच सेकंदांत लिनक्स सुरू करून दाखवले, तेव्हा त्यांनी आधी काळाचे अंदाजपत्रक आखले, कर्नलला किती आणि पुढच्या प्रत्येक टप्प्याला किती हे ठरवले, आणि मग त्या मर्यादेत काम बसवले. अंदाजपत्रक आखावयाचे तर जमाखर्च विश्वसनीय हवा. आणि सर्वांत आधीच्या खर्चाची नोंद ठेवण्याची जबाबदारी बूटलोडरवर येऊन पडते.

आता अशी नोंद करण्यास काय लागते ते पाहू. एक अखंड चालणारा काउंटर लागतो. तो सेकंदाला किती वेळा पुढे सरकतो याचे ज्ञान लागते. आणि वाचलेला आकडा लिहून ठेवण्यास टिकाऊ जागा लागते. संगणक पूर्णपणे चालू झाल्यावर या तिन्ही गोष्टी इतक्या सहज उपलब्ध असतात की त्यांचा विचारही मनात येत नाही. परंतु ज्या प्रक्रियेचे मापन करावयाचे तिच्याच पोटी या तिन्ही गोष्टींचा जन्म होत असल्यामुळे, बूटलोडरच्या आरंभी काउंटर बंद असू शकतो, वारंवारता ठरलेली नसू शकते आणि मुख्य स्मृती तर नसतेच. मापनाची पूर्वतयारी हीच मापनीय घटना असावी, ही या विषयाची मूलभूत अडचण होय. आणि प्रारंभक्रम दुरुस्त करणे म्हणजे या तीन आवश्यकतांपैकी कोणती कोणत्या क्षणी खरोखर पुरी होते हे तपासून त्याप्रमाणे हुकमांची मांडणी करणे.

काउंटरच्या बाबतीत वेगवेगळ्या प्रोसेसरांची परिस्थिती फार भिन्न आहे. एक्स-८६ घराण्यात १९९३ च्या पेंटियमपासून टाइम-स्टॅम्प काउंटर आहे. तो रीसेटला शून्यापासून सुरू होतो आणि एका सूचनेने, कोणतीही पूर्वतयारी न करता वाचता येतो. आर्म घराण्यातील ‘जेनेरिक टाइमर’ वरकरणी तितकाच सोयीचा वाटतो, पण त्यात दोन अटी दडलेल्या आहेत. एक अशी की, संपूर्ण चिपला समाईक असा जो प्रणाली-काउंटर, त्याच्या नियंत्रण-रजिस्टरमधील चालू करण्याचा बिट रीसेटला शून्य असतो. म्हणून रॉमने किंवा पहिल्या फर्मवेअरने तो चालू करीपर्यंत वाचणाऱ्याच्या हाती तोच तो आकडा येत राहतो. दुसरी अट अशी की, वारंवारतेचे म्हणून जे रजिस्टर आहे, त्याचा काउंटरच्या गतीशी यांत्रिक संबंध काहीच नसतो. ती केवळ एक पाटी आहे. फर्मवेअरने तीवर २,४०,००,००० लिहिले तर वाचणारा चोवीस मेगाहर्ट्झ समजतो, काहीच लिहिले नाही तर तेथे काय सापडेल याची शाश्वती नाही, आणि शून्य सापडले तर भागाकारच अशक्य होतो. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या एएम-३३५एक्स या चिपमध्ये, जी बीगलबोन ब्लॅकमुळे विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचली, कॉर्टेक्स-ए८ प्रोसेसरला जेनेरिक टाइमर मुळीच नाही; तेथे स्वतंत्र टाइमर वापरावा लागतो, आणि त्याला घड्याळाचा पुरवठा मिळण्यासाठी आधी वीज व घड्याळ यांचे नियंत्रण करणाऱ्या विभागातून परवानगी घ्यावी लागते. म्हणजे तेथे काळ मोजण्यापूर्वी काही हुकूम अंमलात येणे अपरिहार्य आहे, आणि तेवढा काळ आतून कधीच मोजता येणार नाही. याउलट रास्पबेरी पायच्या मूळ चिपमध्ये मुक्त चालणारा एक मेगाहर्ट्झचा काउंटर आहे, पण तेथे आर्म प्रोसेसरला जाग येण्यापूर्वी चित्रप्रक्रियेचा विभागच आधी उठून कारभार चालवतो, ही गोष्ट आर्मच्या बाजूने लिहिणाऱ्याने विसरता कामा नये.

जागेचा प्रश्न काउंटरहून अधिक सूक्ष्म आहे. डीरॅम चालू होईपर्यंत कोडला चिपच्या आतील थोड्याशा एसरॅमवर किंवा, एक्स-८६ मध्ये, रॅमसारख्या वापरलेल्या कॅशवर निर्वाह करावा लागतो. आणि जेथे बूटलोडर थेट फ्लॅशमधून चालतो तेथे त्याचा स्वतःचा डेटा-विभागही स्थलांतरापूर्वी, म्हणजे बूटलोडरची प्रत डीरॅममध्ये नेली जाण्यापूर्वी, लिहिता येत नाही. यू-बूटमधील ‘बूटस्टेज’ ही कालनोंदीची सोय सायमन ग्लास यांनी २०११-१२ च्या सुमारास घडवली. पूर्वी बूटच्या प्रगतीचे केवळ क्रमांक दाखवणारी जी जुनी पद्धत होती, त्या क्रमांकांना त्यांनी नाव आणि काळ यांची जोड दिली. या सोयीच्या आधीच्या रूपात नोंदी प्रतिमेच्या डेटा-विभागात ठेवल्या जात. त्यामुळे फ्लॅशमधून चालणाऱ्या बोर्डांवर स्थलांतरापूर्वीच्या नोंदी होऊच शकत नसत, आणि इतर बोर्डांवर नोंदींची नावे स्थलांतरानंतरही जुन्या, सोडून दिलेल्या जागेकडे बोट दाखवीत राहत. पुढे या नोंदींसाठी आरंभीच्या लहानशा मॅलॉक-साठ्यातून जागा घेण्याची तजवीज झाली, तिचा पत्ता सर्वत्र उपलब्ध असणाऱ्या सामाईक संरचनेत ठेवला गेला, आणि स्थलांतरानंतर नावांच्याही नव्या प्रती करण्यात आल्या. दुरुस्ती योग्यच होती. पण तिच्याबरोबर एक नवे परावलंबन आले. मॅलॉक-साठा तयार होण्यापूर्वी आता एकही नोंद करता येईना. म्हणून स्थलांतरपूर्व कार्यांच्या यादीत डिव्हाइस ट्रीची, म्हणजे हार्डवेअरच्या वर्णनाची, मांडणी, मग मॅलॉकची सिद्धता, मग लॉगची, आणि त्यानंतर बूटस्टेज, असा क्रम लागला. प्रोसेसरची सिद्धता आणि ड्रायव्हर-मॉडेलची उभारणी ही त्यानंतर आली.

याच यादीत बूटस्टेजच्या ओळीशेजारी एक टिप्पणी आहे: ही सोय स्वतःचा टाइमर वापरते, म्हणून तिला ड्रायव्हर-मॉडेलची गरज नाही. या वाक्यामागे बराच इतिहास आहे. २०१४ साली यू-बूटमध्ये ड्रायव्हर-मॉडेल आले. त्यानंतर टाइमर हाही एक विधिवत नोंदलेला ड्रायव्हर झाला, ज्याला डिव्हाइस ट्रीत आपली नोंद शोधावी लागते, आपले घड्याळ मागावे लागते आणि मग कामावर रुजू व्हावे लागते. रचनेच्या दृष्टीने ही प्रगती होती; शेकडो बोर्डांचा कोड तिच्यामुळे एका शिस्तीत आला. पण कालमापनाच्या दृष्टीने तिने एक वर्तुळ निर्माण केले. ड्रायव्हर-मॉडेल उभारण्यास किती वेळ लागतो हे मोजावयाचे, आणि मोजण्यासाठी लागणारा टाइमर मात्र ड्रायव्हर-मॉडेल उभे राहिल्यावरच मिळावयाचा! यू-बूटने हे वर्तुळ असे तोडले की, टाइमर मागणाऱ्या कार्याने आधी ड्रायव्हर-मॉडेलचे मूळ अस्तित्वात आहे का ते पाहावे. नसेल तर ‘पुन्हा या’ अशा अर्थाचा संकेत परत द्यावा. आणि तो संकेत मिळाल्यावर, चिपच्या लेखकाने पुरवलेला ‘आरंभीचा टाइमर’, म्हणजे ड्रायव्हरशिवाय थेट रजिस्टर वाचणारी दोन छोटी कार्ये, वापरावीत. एकही मार्ग उपलब्ध नसेल तर यंत्र तेथेच थांबवावे, हेही त्यात आहे, आणि मला ते पूर्णपणे मान्य आहे. चुकीचा काळ नोंदून पुढे जाण्यापेक्षा थांबणे बरे. निदान माणूस कारण शोधू लागतो.

येथे एक जागा अशी आहे की जिच्याकडे बोर्डाचे काम नव्याने करणाऱ्याचे हमखास दुर्लक्ष होते. स्थलांतरानंतर ड्रायव्हर-मॉडेल पुन्हा नव्याने उभारले जाते. त्या वेळी जुने मूळ बाजूला ठेवले जाते, आणि टाइमरचा पत्ताही रिकामा केला जातो, कारण तो जुन्या जागेतील वस्तूकडे बोट दाखवीत असतो. लागलीच पुढच्या ओळीत या दुसऱ्या उभारणीचे मापन सुरू होते. म्हणजे ज्या क्षणी टाइमर नुकताच बरखास्त झाला त्याच क्षणी काळ विचारला जातो, आणि उत्तर देण्यास पुन्हा तो आरंभीचा टाइमरच पुढे यावा लागतो. या दोन टाइमरांनी एकच काउंटर आणि एकच वारंवारता वापरली असेल तर काही बिघडत नाही. पण आरंभीच्या टाइमरची वारंवारता हाताने लिहिलेला स्थिरांक असेल आणि विधिवत ड्रायव्हरची वारंवारता डिव्हाइस ट्रीतून आली असेल, व या दोहोंत फरक असेल, तर अहवालाच्या मध्यभागी काळाची दोन वेगवेगळी मापे शेजारी शेजारी येऊन बसतात. ज्याने क्रम दुरुस्त केला असे म्हणावयाचे, त्याने ही जागा तपासली आहे की नाही हे मी प्रथम पाहतो.

एसपीएल, म्हणजे यू-बूटचा जो लहान पूर्वावतार एसरॅममध्ये मावण्यासाठी केलेला असतो, त्याच्यामुळे प्रश्नाला आणखी एक मिती मिळते. एसपीएलचे मुख्य काम डीरॅम चालू करणे हे आहे, आणि आधुनिक डीडीआर स्मृतीचे प्रशिक्षण, म्हणजे प्रत्येक तारेवरील विलंब जुळवून घेण्याची क्रिया, ही बूटच्या पूर्वार्धातील सर्वांत खर्चिक बाबींपैकी एक असते. अनेक बोर्डांवर हे काम ‘बोर्ड-इनिट-एफ’ मध्ये होते, तर बूटस्टेजची सिद्धता एसपीएलच्या सामान्य प्रारंभकार्यात, आणि ते कार्य बोर्डाच्या लेखकाने स्वतःहून आधी बोलावले नाही तर नंतरच्या ‘बोर्ड-इनिट-आर’ मध्ये पार पडते. अशा बोर्डावर डीरॅमच्या प्रशिक्षणाला स्वतंत्र ओळ मिळतच नाही. काउंटर रीसेटपासून चालत असेल तर तो काळ पहिल्या खुणेत मिसळून जातो. काउंटर नंतर चालू केला असेल तर तो सर्वस्वी लुप्त होतो. उपाय साधा आहे: ते प्रारंभकार्य डीरॅमच्या आधी बोलावावे, यू-बूटमध्ये तशी सोय आहे आणि ते एकदा झाल्याचा ध्वजही ठेवला जातो, म्हणजे पुढे त्याची पुनरावृत्ती होत नाही. परंतु तसे करताना मॅलॉकचा साठा एसरॅममध्ये मावतो का, आणि घड्याळाचा पुरवठा तोवर सुरू झालेला आहे का, या दोन गोष्टींची खात्री करावी लागते; ती न करता केवळ ओळ वर सरकवली तर बोर्ड मुकेपणाने अडकून पडते, कारण सीरियल पोर्टही अद्याप चालू झालेला नसतो.

एसपीएलच्या नोंदी मुख्य यू-बूटच्या हवाली करणे हे पुढचे काम. त्यासाठी नोंदींचा गठ्ठा एका ठरीव पत्त्यावर ठेवून पुढच्या टप्प्याने तो उचलण्याची पद्धत आहे. गठ्ठ्याच्या डोक्यावर ओळखीचा एक ठरावीक आकडा असतो आणि तो जुळला तरच मजकूर ग्राह्य मानला जातो. हा पत्ता निवडताना मुख्य यू-बूटची प्रतिमा, तिचा स्टॅक किंवा डिव्हाइस ट्री त्यावर येऊन पडणार नाही, एवढी दक्षता घ्यावी लागते. आणखी एक धोका दप्तराचा नसून काळाचाच आहे: काही बोर्डांच्या टाइमर-प्रारंभात काउंटर नव्याने शून्यापासून चालू केला जातो, आणि हे कार्य एसपीएलमध्ये एकदा व मुख्य यू-बूटमध्ये पुन्हा एकदा धावते. मग मुख्य यू-बूटच्या पहिल्या खुणा एसपीएलच्या शेवटच्या खुणांहून आधीच्या दिसू लागतात. येथे एक बारकावा फार महत्त्वाचा आहे. बूटस्टेज आपला अहवाल छापण्यापूर्वी सर्व नोंदी काळाप्रमाणे लावून घेते. इतर प्रसंगी ही सोय उपयुक्त असली, तरी काळ मागे गेला असता तीच दोष झाकून टाकते. कारण मग दोन टप्प्यांतील नोंदी एकमेकींत मिसळून, नंतर घडलेली गोष्ट आधी छापली जाते आणि प्रत्येक फरक धन व विश्वसनीय दिसतो. म्हणून क्रमाचा संशय असेल तेव्हा अहवाल न पाहता, नोंदी ज्या अनुक्रमाने लिहिल्या गेल्या त्या अनुक्रमाने पाहाव्यात, असे मी आग्रहाने सांगेन.

या सर्व गुंतागुंतीपुढे कोरबूटची पद्धत ठेवून पाहिली म्हणजे फरक लक्षात येतो. कोरबूट, ज्याचा आरंभ १९९९ साली लॉस अलामोस येथे रॉन मिनिक यांनी लिनक्सबायोस या नावाने केला आणि ज्याला २००८ मध्ये आजचे नाव मिळाले, एक्स-८६ वर बूटब्लॉकच्या अगदी आरंभीच्या असेम्ब्ली कोडमध्येच टाइम-स्टॅम्प काउंटर वाचतो. त्या क्षणी स्टॅक नाही, रॅम नाही, लिहिण्यास जागाच नाही. म्हणून तो आकडा एमएमएक्सच्या दोन रजिस्टरांत ठेवून दिला जातो, ज्यांचा त्या टप्प्यावर दुसरा कोणी उपयोग करीत नाही. पुढे कॅशचे रूपांतर तात्पुरत्या रॅममध्ये झाल्यावर, सी भाषेतील पहिल्या कार्याला तो आकडा हाती दिला जातो, आणि ते कार्य कन्सोल किंवा चिपची सिद्धता करण्याआधी नोंदवही उघडून त्या आकड्याला आधारकाळ म्हणून दाखल करते. नोंदवहीत कच्चे टिके, म्हणजे काउंटरचे आकडे जसेच्या तसे, लिहिले जातात. सेकंदाला किती टिके हे सारणीत वेगळे ठेवले जाते. आणि मायक्रोसेकंदांत रूपांतर करण्याचे काम, संगणक पूर्ण सुरू झाल्यावर सीबीमेम या साधनाकडे येते. बूटस्टेज याउलट नोंद करतेवेळीच भागाकार करून मायक्रोसेकंद लिहिते, म्हणजे नोंदीच्या क्षणी वारंवारता ज्ञात असलीच पाहिजे अशी अट स्वतःवर लादून घेते.

माझे मत या बाबतीत स्पष्ट आहे. वाचणे, लिहिणे आणि अर्थ लावणे या तीन क्रिया वेगळ्या ठेवणे हाच प्रारंभक्रमाच्या बहुतेक अडचणींवरचा खरा उपाय आहे. वाचण्यास केवळ काउंटर लागतो, लिहिण्यास केवळ जागा, आणि वारंवारता मात्र अर्थ लावतानाच लागते. या तिघांना एका कार्यात कोंबले म्हणजे तिघांपैकी सर्वांत उशिरा मिळणाऱ्या गोष्टीसाठी सर्वांनाच थांबावे लागते. या मताविरुद्ध एक सबळ आक्षेप आहे, आणि तो मान्य केला पाहिजे. बूटच्या मध्यंतरी काउंटरचे घड्याळ बदलले, उदाहरणार्थ तो आधी स्फटिकावर चालत होता आणि पीएलएल सिद्ध झाल्यावर तिच्यावर चालू लागला, तर कच्च्या टिक्यांना एकच भाजक लावून चालत नाही. अशा चिपवर बदलाच्या क्षणी जुनी आणि नवी वारंवारता लिहिणारी एक विशेष नोंद करावी लागेल. एक्स-८६ मध्येही टाइम-स्टॅम्प काउंटरची गती प्रोसेसरच्या गतीबरोबर बदलत असे असा काळ होऊन गेला. पण बदलणाऱ्या घड्याळाचा काउंटर बूटस्टेजच्या पद्धतीलाही तेवढाच घातक आहे, उलट तेथे चूक मायक्रोसेकंदांत मुरून गेल्यामुळे मागाहून दुरुस्त करता येत नाही. कच्चा आकडा हाती असला तर निदान फेरहिशेब शक्य होतो.

इतर प्रकल्पांचा निर्देश थोडक्यात केला तरी चालेल. बेअरबॉक्स, जो यू-बूटपासूनच निघाला, तो लिनक्सप्रमाणे प्रारंभकार्यांना स्तर देतो: आधी गाभ्याची कार्ये, मग कन्सोल, मग उपकरणे, मग उशिराची. स्तरांमुळे स्थूल क्रम वाचनीय होतो, पण एकाच स्तरातील दोन कार्यांचा क्रम लिंकरने वस्तू-संचिका कोणत्या अनुक्रमाने जोडल्या यावर अवलंबून राहतो, आणि त्यामुळे मेकफाइलमधील एका निरुपद्रवी फेरबदलाने कालमापनाचा आरंभ मागेपुढे सरकू शकतो. यू-बूटची एकामागून एक कार्ये लिहिलेली सलग यादी कमी शास्त्रशुद्ध दिसते, परंतु ती डोळ्यांनी वाचता येते आणि तीत झालेला बदल तपासणाऱ्याच्या नजरेतून सुटत नाही. म्हणून मला ती अधिक प्रामाणिक वाटते. लिनक्समध्ये स्वतः कर्नलच्या आरंभीच्या संदेशांवर शून्य काळ छापलेला असतो, हे सर्वांनी पाहिलेले आहे: कालगणनेचे घड्याळ नोंदले जाईपर्यंत कितीही काम झाले तरी कंसातील आकडा ०.०००००० असाच राहतो.

आतून मोजलेल्या काळाची पडताळणी बाहेरून झाली पाहिजे. त्याचे सर्वांत सोपे साधन म्हणजे सीरियल पोर्टवरून येणाऱ्या प्रत्येक ओळीवर दुसऱ्या संगणकाने काळ टाकणे. टिम बर्ड यांचे ‘ग्रॅबसीरियल’ हे काम अनेक वर्षे उत्तम रीतीने करीत आले आहे. मात्र ही पद्धत मोजता मोजता मोजल्या जाणाऱ्या गोष्टीवर परिणाम करते. १,१५,२०० बॉडच्या वेगाने एक अक्षर धाडण्यास सुमारे ८७ मायक्रोसेकंद लागतात, आणि म्हणून ऐंशी अक्षरांची एक ओळ सुमारे सात मिलिसेकंद घेते. बूटलोडर अशा पन्नास ओळी छापत असेल तर एक-तृतीयांश सेकंदाहून अधिक काळ केवळ बोलण्यात जातो. त्याहून निर्मळ मार्ग म्हणजे बोर्डावरील एखादी मोकळी पिन उचलणे आणि खाली आणणे, व रीसेटच्या तारेबरोबर तिला ऑसिलोस्कोपवर पाहणे. पहिली नोंद होताना पिन उचलली, तर रीसेट सुटल्यापासून ती उचलेपर्यंतचे अंतर आणि नोंदीतील पहिला आकडा यांची तुलना करता येते. हे दोन आकडे जुळले तर काउंटरचा शून्यबिंदू खरा आहे, आणि जुळले नाहीत तर जो फरक उरतो तो काउंटर चालू होण्यापूर्वी गेलेला काळ होय. दुसरी पिन-खूण खूप पुढे, कर्नलकडे ताबा जाताना करावी. दोन खुणांतील बाह्य अंतर आणि आतील अंतर यांचे गुणोत्तर एक आले नाही तर वारंवारतेची पाटी खोटी आहे. हे दोन प्रयोग एवढे अल्पखर्चाचे आहेत की त्यांच्याशिवाय दिलेला कोणताही आरंभकाळाचा आकडा मी ग्राह्य धरू इच्छित नाही.

काउंटरची रुंदी हीही क्रमाच्या तपासणीचाच भाग समजावी. बत्तीस बिटांचा काउंटर चोवीस मेगाहर्ट्झवर सुमारे १७९ सेकंदांत फिरून शून्यावर येतो, एक मेगाहर्ट्झवर सुमारे ७१ मिनिटांत, पण एक गिगाहर्ट्झवर अवघ्या ४.३ सेकंदांत, आणि आर्मच्या ८.६ आवृत्तीपासून जेनेरिक टाइमरची वारंवारता एक गिगाहर्ट्झ ठरवलेली आहे. काउंटर चौसष्ट बिटांचा असूनही जुन्या कोडने त्याचा खालचा अर्धाच वाचला, तर डीरॅमच्या लांबलेल्या प्रशिक्षणानंतर काळ उलटा फिरल्याचा भास होतो, आणि तो क्रमाचा दोष समजून माणसे भलत्याच ठिकाणी दुरुस्त्या करू लागतात.

राहिला हवालीचा प्रश्न. आजच्या आर्म यंत्रात रीसेटपासून कर्नलपर्यंत रॉम, एसपीएल, ट्रस्टेड फर्मवेअर, सुरक्षित कार्यप्रणाली आणि मुख्य यू-बूट असे अनेक कारभारी एकामागून एक येतात, प्रत्येकाची संहिता वेगळ्या समूहाने लिहिलेली असते, आणि प्रत्येकाला आपला काळ शून्यापासून मोजण्याचा मोह असतो. वैयक्तिक संगणकांच्या जगात हा प्रश्न एसीपीआयच्या २०११ मधील पाचव्या आवृत्तीने एका सारणीच्या द्वारे सोडवला. तीत फर्मवेअरने रीसेटची समाप्ती, कार्यप्रणालीच्या लोडरचा प्रारंभ आणि बूट-सेवांतून बाहेर पडण्याचा क्षण हे सर्व एकाच मापाने नोंदवावयाचे असते, आणि म्हणूनच सिस्टमडी फर्मवेअर, लोडर, कर्नल आणि वापरकर्ता-प्रणाली यांचे काळ वेगवेगळे सांगू शकते. एम्बेडेड यंत्रांत असा सर्वमान्य ठराव अद्याप पक्का झालेला नाही. बूटस्टेज आपल्या नोंदी डिव्हाइस ट्रीत घालून कर्नलच्या हवाली करू शकते, आणि फर्मवेअरच्या टप्प्यांमध्ये माहिती देण्याघेण्यासाठी एक सामाईक यादी ठरवण्याचे कामही पुढे गेले आहे. परंतु त्या यादीत कालनोंदी कच्च्या टिक्यांत जाव्यात, त्यांच्यासोबत काउंटरचे नाव आणि वारंवारता जावी, आणि पहिल्यानंतरच्या कोणत्याही टप्प्याने काउंटरला पुन्हा शून्यावर आणू नये, एवढे तीन नियम तरी प्रत्येक बोर्डाच्या लेखकाने आजच पाळावयास हरकत नाही. रॉमच्या आतील काळ चिप बनवणाऱ्याने उघड केला तरच कळतो. तो उघड होईपर्यंत ऑसिलोस्कोपवरील त्या पहिल्या अंतरातून काउंटर चालू झाल्यानंतरचा भाग वजा करून जे उरते, तेच रॉमच्या नावे मांडावे लागते.